मोरोगोरोच्या शाळेला चौदाशे पुस्तकं

ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचा भाचा टांझानियात, मोरोगोरो शहराजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कारखान्याशेजारच्या सरकारी प्राथमिक शाळेत साडेसहाशे मुलं शिकतात आणि पाठ्यपुस्तकांखेरीज त्यांच्याकडे वाचायला काहीही नाही. भाच्याने पाठवलेला तिसरीच्या वर्गाचा फोटो पाहून बाईंना राहवलं नाही. त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन केलं आणि दोन महिन्यांत चौदाशेच्या वर पुस्तकं जमली. त्यातली बहुतेक इंग्रजी आहेत, काही मराठी, थोडी हिंदी. आता पावसाळा तोंडावर आला आहे, गठ्ठे सोसायटीच्या हॉलमध्ये पडून आहेत आणि कमिटीने महिनाअखेरची मुदत दिली आहे. मुंबईहून दारेसलामपर्यंत समुद्रमार्गे माल न्यायला वाहतूकदाराने पाऊण लाखाच्या पुढचा आकडा सांगितला. बंदरातून माल सोडवण्याचा आणि पुढच्या ट्रकचा खर्च वेगळा. यजमान म्हणतात, 'मोखाड्याच्या शाळांना दे की. आफ्रिका कशाला?' बाई विचारतात: मी वेडेपणा केला का? पुस्तकं पाठवू की इथेच देऊन टाकू? लोकांनी आफ्रिकेतल्या मुलांसाठी म्हणून दिली, त्यांना काय सांगू?

ताई,

वेडेपणा तुम्ही केलेला नाही. एक फोटो पाहून दोन महिने जिने चढायचे, लोकांच्या माळ्यांवरून पुस्तकं उतरवून घ्यायची, हे तुम्ही मनापासून केलंत. त्या मुलांबद्दलची तुमची ओढ खरी आहे. तिचं काय करायचं एवढंच ठरवायचं आहे.

पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पुस्तकांचा, भाड्याचा आणि जागेचाही हिशेब आहे. एक माणूस मात्र कुठेच नाही, तो म्हणजे त्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी काय मागितलं? भाच्याने फोटो काढला, तुम्हाला तो दिसला, सोसायटीने कपाटं रिकामी केली. या साखळीत शाळेला कुणी काही विचारलं की नाही, ते पत्रातून कळत नाही. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तेव्हा दिवाळीच्या आधी शाळेत येणाऱ्या देणग्या तुम्ही पाहिल्या असतील. न विचारता आलेल्या वस्तूंपुढे शिक्षक कसे आभाराचे हसतात, तेही पाहिलं असेल. मोरोगोरोचे गुरुजीही तसेच हसतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

आता भाषेकडे येते, कारण सगळा गुंता तिथे आहे. टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली आहे. इंग्रजी तिथे एक विषय म्हणून शिकवतात. इंग्रजी माध्यम सुरू होतं ते माध्यमिक शाळेत. तुमच्या फोटोतली तिसरीची मुलं गणित, परिसर, गोष्टी असं सगळं स्वाहिलीत शिकतात. मोरोगोरोच्या पाठीशी उलुगुरू डोंगर आहेत आणि तिथल्या लुगुरू लोकांची बोली आणखी वेगळी. म्हणजे डोंगरातून येणाऱ्या एखाद्या मुलासाठी स्वाहिली ही घराबाहेरची भाषा आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची. जव्हारच्या वारली मुलाला मराठी पुस्तक पहिल्यांदा हातात घेताना काय होतं, ते तुम्ही ऐकून असाल.

यात एक फसवी गोष्ट आहे. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे तिसरीचं मूल तुमचं इंग्रजी पुस्तक उघडून अक्षर न् अक्षर मोठ्याने म्हणून दाखवील. फोटो सुंदर येईल. पण आपल्या तिसरीच्या मुलांसमोर नेपाळी पुस्तक ठेवलं तर तीही घडाघडा वाचतील, कारण देवनागरी त्यांना येते. 'बाळा, काय झालं गोष्टीत?' असं विचारलं की वर्ग गप्प होईल. ज्या मुलाला पहिल्या दहा पुस्तकांत अर्थ लागत नाही, ते अकरावं पुस्तक आपणहून उघडत नाही. तुमच्या चौदाशे पुस्तकांबद्दल मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. खर्चाचा प्रश्न त्यानंतरचा.

स्वाहिलीत पुस्तकाला 'किताबु' म्हणतात आणि ग्रंथालयाला 'मक्तबा'. हिंदी महासागरावरून अरबी शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरले, म्हणून आपल्याला ते ओळखीचे वाटतात. शाळेला मात्र 'शुले', तो जर्मन राजवटीने मागे ठेवलेला शब्द. त्या शाळेला पत्र लिहाल तेव्हा हे तीन शब्द तुमच्या उपयोगी पडतील.

तुमच्या पत्रात 'तिथे पुस्तकंच नाहीत' असं एक वाक्य आहे. त्या शाळेत नाहीत, हे खरं. टांझानियात नाहीत, हे खरं नाही. दारेसलामला म्कुकी ना न्योता नावाची प्रकाशनसंस्था आहे. नावाचा अर्थ भाला आणि तारा. वॉल्टर बगोया यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली आणि ती स्वाहिलीत मुलांसाठीही पुस्तकं काढते. त्याच वर्षी मुलांच्या स्वाहिली पुस्तकांसाठी 'चिल्ड्रन्स बुक प्रोजेक्ट' ही संस्थाही तिथे उभी राहिली. सरकारी ग्रंथालय मंडळाची प्रादेशिक ग्रंथालयं आहेत, मोरोगोरोतही आहे. बागामोयोला ग्रंथपाल घडवणारी संस्था आहे. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते. लोक त्यांना 'म्वालिमु' म्हणजे गुरुजी म्हणूनच ओळखत. राज्यकारभार सांभाळून त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली, एक १९६३ मध्ये आणि दुसरं १९६९ मध्ये. आपली भाषा थोरामोठ्यांचं साहित्य पेलू शकते हे त्यांना आपल्या लोकांना दाखवायचं होतं. अशा देशातल्या शाळेला आपण काय पाठवतोय, याचा विचार म्हणूनच जरा थांबून करावा असं मला वाटतं.

आणि अडचण नेमकी कुठे आहे? ती पुस्तकं शाळेपर्यंत पोचत नाहीत, कारण शाळेकडे ती घ्यायला पैसे नाहीत. शाळा विकत घेऊ शकत नाही म्हणून छापणारे थोड्या प्रती छापतात, म्हणून पुस्तक महाग पडतं, म्हणून शाळा आणखी विकत घेऊ शकत नाही. अशा ठिकाणी परदेशातून फुकट गठ्ठे येत राहिले तर तिथल्या विक्रेत्याचं गिऱ्हाईक तेवढं कमी होतं. तेच पैसे दारेसलामच्या पुस्तकाच्या दुकानात खर्च झाले, तर मुलाला त्याच्या भाषेतलं पुस्तक मिळतं आणि पुढचं पुस्तक छापायला कुणाला तरी धीर येतो.

पुस्तकं पाठवणं नेहमीच चूक आहे, असं मात्र समजू नका. हे काम वर्षानुवर्षं निष्ठेने करणाऱ्या संस्था आहेत आणि त्या कशा बदलत गेल्या हे पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमधली बुक एड इंटरनॅशनल १९५४ पासून आहे. सुरुवात जुन्या पुस्तकांनी झाली, आता ती प्रकाशकांकडून आलेली कोरी पुस्तकंच पाठवते. अमेरिकेत मिनेसोटातली बुक्स फॉर आफ्रिका १९८८ पासून कंटेनर पाठवते. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकन लायब्ररी प्रोजेक्टची पद्धत तुमच्या उपक्रमाच्या सगळ्यात जवळची आहे. एखादी शाळा, एखादं कुटुंब किंवा महिला मंडळ सुमारे हजार पुस्तकं आणि वाहतुकीचे पैसे जमवतं आणि त्यातून लेसोथो, मलावी, घाना अशा देशांत एका शाळेचं वाचनालय उभं राहतं. पण तिथे आधी शाळा अर्ज करते, खोली आणि फळ्या तयार ठेवते, एक शिक्षक प्रशिक्षण घेतो आणि मगच पेट्या येतात. शिवाय या देशांत वरच्या वर्गांचं शिक्षण इंग्रजीतून होतं, त्यामुळे इंग्रजी पुस्तक तिथे कामाला येतं. हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यांनी त्यांना हा मार्ग जरूर सुचवावा. ठाण्याहून एकट्याने चारशे किलोचा माल पाठवणं ही फार वेगळी गोष्ट आहे. (चौदाशे पुस्तकं, सरासरी पावणेतीनशे ग्रॅम धरली तरी जवळजवळ चारशे किलो होतात.) पुस्तकांना सीमाशुल्कात सूट मिळाली तरी कागदपत्रं, एजंटची फी, बंदरातलं जागाभाडं आणि दोनशे किलोमीटरची ट्रक यांना सूट नसते. एखादा कागद कमी पडला तर माल अडकतो, भाडं चढत जातं आणि त्या धावपळीचा भार तुमच्या भाच्यावर पडतो.

घानाची एक हकिकत मला फार आवडते. १९९० च्या सुमारास कॅथी नोल्स नावाच्या कॅनेडियन बाई आक्रा शहरात राहत होत्या. बागेतल्या झाडाखाली आजूबाजूची मुलं बोलावून त्या गोष्टी वाचून दाखवू लागल्या. मुलांची संख्या वाढत गेली आणि १९९२ मध्ये ओसू भागात एका जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये वाचनालय उघडलं. पुढे त्यांनी काय केलं, तर तिथल्याच मुलांचे, बाजाराचे, रोजच्या वस्तूंचे फोटो घेऊन लहानग्यांसाठी पुस्तकं तयार केली. बाहेरून आलेल्या पुस्तकांत त्या मुलांना आपला चेहरा सापडत नव्हता. आणि क्रम बघा. आधी गोष्ट वाचून दाखवणारं माणूस आलं, मग मुलं आली, मग कंटेनर. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकापासून सुरुवात करतो.

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही मैत्रिणींनी घाटमाथ्यावरच्या एका शाळेला तीनशे पुस्तकं दिली होती. सगळी मराठी, कोरी, निवडून घेतलेली. वर्षाने गेलो तर कपाटाला कुलूप. गुरुजी सज्जन होते. म्हणाले, 'बाई, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. एक जरी गहाळ झालं तर तपासणीत मला भरून द्यावं लागेल.' त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती. पुस्तकं फाटणार, हरवणार, एखादं मूल उशीखाली घेऊन झोपणार आणि परत आणायला विसरणार, हे गृहीत धरून त्या गुरुजींना आधीच मोकळं करायला आम्हाला सुचलं नाही. मोरोगोरोच्या शाळेशी बोलताना ही गोष्ट विसरू नका. दरवर्षी काही पुस्तकं हरवतील आणि त्याबद्दल आम्ही कधीही विचारणार नाही, हे लेखी द्या.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. मोखाड्याच्या मुलांबद्दलची त्यांची कळकळ रास्त आहे. पण मोखाड्याच्या जिल्हा परिषद शाळेतलं मूल मराठीत शिकतं, म्हणजे इंग्रजी गठ्ठ्यांची अडचण तिथेही तीच. 'इथे की तिथे' या प्रश्नापाशी तुम्ही दोघं अडला आहात, कारण पुस्तकं आणि तुमची माया एकाच दोरीने बांधली गेली आहे. ती सोडवा. ही पुस्तकं ज्यांना वाचता येतील असे वाचक ठाणे-मुंबईतच आहेत, आणि ज्या शाळेसाठी तुमचा जीव तुटतो तिला वेगळं काही हवं आहे. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची जी पाच सूत्रं मांडली, त्यातली दोन अशी: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुमच्या हॉलमधल्या प्रत्येक गठ्ठ्याला हे विचारा.

कामाला लागायचं ते असं.

पाऊस यायच्या आत एका रविवारी चार-पाच जण बसा आणि निवड करा. मळलेली, पानं सुटलेली, जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं सरळ रद्दीत घाला आणि ते करताना अपराधी वाटून घेऊ नका. जे पुस्तक आपण आपल्या नातीला देणार नाही, ते दुसऱ्याच्या नातीलाही देऊ नये. मराठी गोष्टींची पुस्तकं मोखाडा-जव्हारकडच्या शाळांना जाऊ द्या, पण तिथेही आधी शिक्षकांना फोन करून. इंग्रजी बालसाहित्य पालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांना, स्पर्धा परीक्षांची चांगल्या स्थितीतली पुस्तकं एखाद्या अभ्यासिकेला किंवा रात्रशाळेला द्या. हॉल मोकळा होईल आणि तुमच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल.

चाळीस-पन्नास पुस्तकं मात्र बाजूला काढा. शब्द कमी आणि चित्रं मोठी अशी, प्राण्यांची, मानवी शरीराची, ग्रहताऱ्यांची, एक चांगला नकाशासंग्रह. भाचा सुट्टीवरून परत जाताना ती त्याच्या बॅगेतून जातील. इंग्रजीच्या तासाला शिक्षकांना कामाला येतील, शिवाय तुमच्या सोसायटीतून काहीतरी खरोखर तिथे पोचल्याचा आनंद मुलांनाही मिळेल. तो आनंद लहान समजू नका.

मग शाळेला पत्र लिहा. भाच्याच्या एखाद्या सहकाऱ्याकडून ते स्वाहिलीत करून घ्या. मुख्याध्यापकांना तिथे 'म्वालिमु म्कु' म्हणतात, तसंच संबोधून. चारच गोष्टी विचारा. मुलांना काय वाचायला आवडतं? कोणत्या वर्गापासून सुरुवात करावी? पुस्तकं ठेवायला कोरडी, वाळवीपासून सुरक्षित जागा आहे का? आणि आठवड्यातून दोनदा मुलांना पुस्तकं काढून देईल असं कुणी आहे का? तुम्ही अमुक पाठवणार आहात, असं त्या पत्रात लिहू नका. एकदा ते लिहिलं की समोरचा माणूस भिडेपोटी 'चालेल' म्हणतो.

उत्तर आलं की भाड्यासाठी जे पैसे खर्चणार होतात त्यांचा विचार करा. भाच्याला दारेसलामला पाठवून स्वाहिली बालपुस्तकांचे दर आणायला सांगा. खूप शीर्षकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा थोड्या शीर्षकांच्या पाच-पाच प्रती घ्या, म्हणजे चार-पाच मुलं एकच गोष्ट एकत्र वाचतील आणि मग तिच्यावर भांडतील. तिथल्या गोष्टींतला 'सुंगुरा' म्हणजे ससा, आणि तो 'फिसी'ला म्हणजे तरसाला फसवतो. आपल्या कोल्ह्याच्या गोष्टींवर वाढलेल्या कुणालाही तो ससा आपला वाटेल. त्या मुलांना तर वाटेलच.

पैसे कमी पडले तर आणखी एक वाट आहे, आणि तिचं एक टोक आपल्याकडे आहे. बंगळुरूच्या 'प्रथम बुक्स' या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे मुक्त संकेतस्थळ सुरू केलं आणि दक्षिण आफ्रिकेतून आफ्रिकन स्टोरीबुक हा तसाच उपक्रम चालतो. दोन्हींकडे स्वाहिली गोष्टी आहेत, चित्रांसह. परवाना खुला असल्यामुळे लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून त्या कुणीही छापू शकतं. मोरोगोरोतल्या छापखान्यात छापून, जाड कव्हर घालून पुस्तकं करून घेता येतील. तुमच्या सोसायटीतल्या मुलांना त्यातल्या काही गोष्टी मराठीतून वाचून दाखवा. ठाण्यात आणि मोरोगोरोत एकाच आठवड्यात एकच गोष्ट वाचली जाते आहे, हे दोन्हीकडच्या मुलांना कळलं की पत्रं सुरू होतील.

साठवणीसाठी खोली बांधायच्या फंदात पडू नका. तिथल्याच लोहाराकडून पत्र्याच्या चार पेट्या करून घ्या. आपल्याकडे पेटी वाचनालयं कशी चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. नाशिकहून विनायक रानडे यांनी सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत शंभर पुस्तकांची पेटी एका माणसाच्या भरवशावर जाते. अशा पेट्या दुबईपर्यंत पोचल्या, त्या सांभाळणारा माणूस भेटला म्हणून. तुमच्या शाळेतही वर्गोवर्गी पेटी फिरू द्या. पेटी उघडणाऱ्या शिक्षकाला किंवा गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला दरमहा छोटं मानधन देता आलं, तर दोन वर्षांचं आधीच बाजूला काढून ठेवा. माझ्या मते पुस्तकांवर थोडं कमी खर्चून या माणसावर खर्च करणं केव्हाही चांगलं.

पैशांबद्दल दोन शब्द. परदेशी शाळेला दिलेल्या देणगीवर इथे ८०-जीची करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगा. सोसायटीच्या खात्यातून काही पाठवू नका. व्यक्तीला परदेशात भेट किंवा देणगी म्हणून पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, तेव्हा बँकेत विचारून तुमच्या नावाने पाठवा आणि पावत्या ग्रुपवर टाका.

राहिला तिसरा प्रश्न, लोकांना काय सांगायचं. खरं तेच. मी असं लिहीन: 'आपण दिलेली पुस्तकं चांगली आहेत, पण त्या शाळेतली मुलं स्वाहिलीत शिकतात हे मला उशिरा समजलं. म्हणून ही पुस्तकं इथल्या मुलांना देते आहे आणि त्या शाळेसाठी तिच्या भाषेतली पुस्तकं तिथेच घ्यायची आहेत. ज्यांना आपलं पुस्तक परत हवं असेल त्यांनी रविवारपर्यंत न्यावं. ज्यांना एका स्वाहिली पुस्तकाचे पैसे द्यावेसे वाटतील त्यांनी मला भेटावं.' काही जण नाराज होतील. पण दोन महिने तुमच्यासाठी माळे उघडणारे शेजारी एवढं समजून घेतील, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या पुस्तकाचे पैसे यजमानांकडून घ्या. मोखाड्याला गठ्ठे गेले की ते नाही म्हणणार नाहीत.

रविवारी निवड करायला बसाल तेव्हा दाराशी एक टेबल ठेवा आणि त्यावर तो तिसरीच्या वर्गाचा फोटो लावा. आणि म्वालिमु म्कुंचं उत्तर आलं की मला कळवा, विशेषतः त्यांनी कोणती पुस्तकं मागितली ते.